डुप्लेक्स स्टेनलेस वाकवताना आत नेमकं काय होतं? कोटेशन देण्याआधी हे समजून घ्या



फॅब्रिकेशनचा धंदा सुरू करणाऱ्यांना बहुतेक वेळा पहिलं काम मिळतं ते एमएसचं किंवा ३०४ चं. मग ३१६ एल येतं. आणि एक दिवस एखाद्या केमिकल प्लँटची नाहीतर पाणीशुद्धीकरणाच्या कंपनीची चौकशी येते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मटेरियल लिहिलेलं असतं, २२०५ डुप्लेक्स. आपण मनात म्हणतो, स्टेनलेसच आहे ना! मटेरियलचा दर बदलू, बाकी ३१६ चाच लेबर रेट लावू.

इथेच गडबड होते. प्रेस ब्रेक दमतो, कोन उघडतो, वाकाच्या बाहेरच्या बाजूला बारीक तडे दिसतात आणि महाग शीट भंगारात जाते. छोट्या युनिटला अशी एक ऑर्डर दोन-तीन महिन्यांचा नफा खाऊन टाकू शकते.

म्हणून आज आपण या धातूच्या आत उतरणार आहोत. थोडं विज्ञान आहे, पण घाबरू नका. आत काय चाललंय हे एकदा कळलं की कोटेशनमध्ये कुठल्या ओळी वाढवायच्या हे तुम्हाला पाठ करावं लागणार नाही.

एकाच शीटमध्ये दोन धातू

डुप्लेक्स म्हणजे दुहेरी. या स्टीलमध्ये दोन प्रकारचे कण साधारण निम्मे-निम्मे असतात. एक फेराइट, दुसरा ऑस्टेनाइट. दोन्हींत लोखंड, क्रोमियम, निकेल आहेच, पण अणूंची मांडणी वेगळी. फेराइटमध्ये घनाच्या आठ कोपऱ्यांवर अणू आणि एक मधोमध. ऑस्टेनाइटमध्ये कोपऱ्यांवर अणू आणि शिवाय सहाही बाजूंच्या मध्यावर एकेक.

२२०५ मध्ये साधारण २२ टक्के क्रोमियम, ५ ते ६ टक्के निकेल, ३ टक्के मॉलिब्डेनम आणि थोडासा नायट्रोजन असतो. हे प्रमाण असं बसवलेलं असतं की दोन्ही प्रकार एकत्र नांदतात. कल्पना नवीन नाही. स्वीडनमध्ये १९३० साली कागद उद्योगासाठी असं स्टील बनवलं गेलं होतं. आज हाँगकाँगच्या स्टोनकटर्स पुलाच्या मनोऱ्यांचा वरचा भाग याच जातीच्या स्टीलने मढवलेला आहे.

पॉलिश करून, ॲसिडने खोदून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर फेराइटच्या पार्श्वभूमीवर ऑस्टेनाइटची लांबट बेटं दिसतात. ही बेटं सहसा माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही बारीक असतात. शीट रोलिंग मिलमधून ज्या दिशेने निघाली, त्या दिशेने ती ताणलेली असतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

फेराइटला लोहचुंबक चिकटतं, ऑस्टेनाइटला नाही. त्यामुळे डुप्लेक्सला चुंबक चिकटतं, पण एमएसइतकं घट्ट नाही. मात्र चुंबक म्हणजे ग्रेडची परीक्षा नव्हे. ३०४ चं भांडं जिथे खूप ताणलेलं असतं, त्या कोपऱ्यावरही चुंबक थोडं चिकटतं, कारण ताणामुळे तिथल्या ऑस्टेनाइटचा काही भाग मार्टेन्साइट नावाच्या चुंबकीय रूपात बदललेला असतो.

धातू वाकतो म्हणजे काय?

धातू वाकतो तेव्हा अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात. पण सगळा थर एकदम सरकत नाही. मोठ्या सभागृहातली जड सतरंजी सरकवायची असेल तर आपण काय करतो? पूर्ण सतरंजी ओढत नाही. एका टोकाला सुरकुती करतो आणि ती सुरकुती पुढे ढकलत नेतो. सुरकुती दुसऱ्या टोकाला पोचली की सतरंजी तेवढी सरकलेली असते. धातूतही अशाच सुरकुत्या असतात. त्यांना डिसलोकेशन म्हणतात. सुरकुती सहज पळाली तर धातू मऊ, अडली तर धातू कडक.

आता दोन्ही भावांचा स्वभाव बघा.

ऑस्टेनाइटमध्ये अणूंचे दाट, सपाट थर असतात. सुरकुत्या त्या थरांवर धावतात, पण एक थर सोडून दुसऱ्यावर जाणं त्यांना जड जातं. मग कणाच्या कडेला त्या एकामागे एक अडकून बसतात, टोलनाक्यावर गाड्यांची रांग लागावी तशा. रांग जितकी लांब, तितकं पुढचं सरकणं अवघड. त्यामुळे ऑस्टेनाइट वाकवत जाल तसतसा झपाट्याने कडक होतो. यालाच शॉपमध्ये आपण वर्क हार्डनिंग म्हणतो.

फेराइटमध्ये तितके दाट थर नाहीत, म्हणून सुरकुती सुरू व्हायला जोर जास्त लागतो. पण एकदा सुरू झाली की तिला वाटा अनेक. एका पातळीवर अडली तर शेजारच्या पातळीवर वळते. म्हणून फेराइट सुरुवातीला ताठ, पण पुढे ऑस्टेनाइटच्या मानाने हळू कडक होतो.

एका जुवाला दोन बैल

ही दोन बेटं वेल्डने किंवा गोंदाने जोडलेली नाहीत, अणूला अणू लागून आहेत. त्यामुळे एकाला दुसऱ्याला सोडून जाता येत नाही. एका जुवाला दोन बैल बांधावेत तसं. एकाने अंग काढलं की ओझं आपोआप दुसऱ्याच्या मानेवर जातं.

२२०५ सारखं स्टील ओढलं तर आत साधारण तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा: दोघेही स्प्रिंगसारखे ताणले जातात. ओझं काढलं की मूळ जागी येतात.

दुसरा टप्पा: बहुतेक वेळा ऑस्टेनाइट आधी हार मानतो आणि कायमचा सरकू लागतो. फेराइट मात्र अजून स्प्रिंगच असतो. आता वाढणारं ओझं जास्त करून फेराइटच्या वाट्याला येतं. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, शीट वाकायला लागली. आतमध्ये निम्मं मटेरियल अजून परत उसळायची वाट बघत असतं.

तिसरा टप्पा: फेराइटही सरकू लागतो. तोवर ऑस्टेनाइट कडक झालेला असतो आणि ओझ्याचा वाटा पुन्हा त्याच्याकडे सरकू लागतो.

ऑस्टेनाइट आधी का हार मानतो? एक कारण कारखान्यातच घडलेलं असतं. मिलमध्ये हे स्टील १००० अंश सेल्सिअसच्या वर तापवून झटपट थंड करतात. ऑस्टेनाइट थंड होताना फेराइटपेक्षा जास्त आकसतो. जोडलेला असल्यामुळे त्याला हवं तेवढं आकसता येत नाही, म्हणून तो आधीच आतून ताणलेला राहतो आणि फेराइट दाबलेला. शीट तुमच्या दारात येते तेव्हाच तिच्या पोटात हा ताण असतो. वरून तुम्ही ओढलं की ऑस्टेनाइटची मर्यादा आधी संपते.

मात्र हे प्रत्येक ग्रेडला सारखं लागू नाही. नायट्रोजन मुख्यतः ऑस्टेनाइटमध्ये जाऊन बसतो आणि त्याला बळकट करतो. त्यामुळे जास्त नायट्रोजनच्या सुपर डुप्लेक्समध्ये दोघांची ताकद जवळ येते, कधी पारडं उलटंही फिरतं. आणि कमी निकेलच्या लीन डुप्लेक्समध्ये ३०४ प्रमाणे ऑस्टेनाइटचा काही भाग ताणाखाली मार्टेन्साइट होऊ शकतो. म्हणून "डुप्लेक्स" एवढ्यावर कधी कोटेशन देऊ नका, ग्रेड नंबर विचारा.

तुम्ही म्हणाल, हे आतलं कळतं कसं? दोन्ही भावांमधलं अणूंचं अंतर वेगवेगळं असतं. स्टील ओढत असतानाच त्यातून न्यूट्रॉन किंवा क्ष-किरण सोडले की दोघांचे सिग्नल वेगळे मिळतात, आणि कोण किती ताणलाय ते थेट मोजता येतं. शिवाय इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली वाकलेल्या तुकड्यातल्या कणांचा कल किती फिरला हेही बघता येतं. त्यातून दिसतं की स्ट्रेन, म्हणजे आकारातला बदल, सगळीकडे सारखा पसरत नाही. काही पट्ट्यांत तो गोळा होतो. दोन भावांच्या सीमेवर अणूंचे थर जुळत असतील तर सरकणं पलीकडे जातं. जुळत नसतील तर तिथेच साचतं, आणि तडा जाण्याची शक्यता अशाच जागी जास्त.

आता हे सगळं रुपयांत

विज्ञान झालं. यातून तुमच्या कोटेशनमध्ये काय बदलतं ते एकेक बघू.

१. टनेज. अमेरिकन एएसटीएम मानकानुसार ३१६ एल प्लेटची किमान यील्ड ताकद १७० मेगापास्कल, २२०५ ची ४५०. सोप्या भाषेत, एका चौरस मिलिमीटरला अंदाजे १७ किलो आणि ४६ किलो. तुटण्याची किमान ताकद अनुक्रमे ४८५ आणि ६५५. प्रेस ब्रेकच्या नेहमीच्या सूत्रात टनेज तुटण्याच्या ताकदीच्या आणि जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात धरतात. म्हणजे तीच जाडी, तीच डाय असेल तर कागदावर टनेज सुमारे १.३५ पट होतं. प्रत्यक्षात त्यावर मोकळीक ठेवा. तुमचा प्रेस ३१६ एल वाकवताना आधीच क्षमतेच्या ८० टक्क्यांवर चालत असेल, तर तोच जॉब डुप्लेक्समध्ये घरात होणार नाही. बाहेरून करून घ्यायचा खर्च आधीच धरा.

२. स्प्रिंग बॅक. दुसऱ्या टप्प्यातला तो उसळायला तयार असलेला फेराइट आठवतोय? जॉब डायमधून सोडला की कोन उघडतो. गणित बघा. दोन्ही स्टीलचा ताठपणा, म्हणजे इलॅस्टिक मॉड्युलस, सुमारे २,००,००० मेगापास्कल. ४५० भागिले २,००,००० म्हणजे ०.२२५ टक्के. १७० साठी तेच ०.०८५ टक्के. म्हणजे किमान आकडे धरले तर परत येणारा भाग अडीच पटीहून जास्त! त्यामुळे जास्त वाकवून घ्यावं लागतं. किती जास्त, हे प्रत्येक हीटला बदलतं, कारण ४५० हा फक्त किमान आकडा आहे. खरी ताकद मिल टेस्ट सर्टिफिकेटवर असते. त्याच शीटची एक पट्टी कापून आधी वाकवून बघा. ती पट्टी आणि तो अर्धा तास कोटेशनमध्ये धरा.

३. वाकाची त्रिज्या. एएसटीएममध्ये ३१६ एल तुटण्याआधी किमान ४० टक्के लांबते, २२०५ किमान २५ टक्के. म्हणजे डुप्लेक्सला वाकाच्या बाहेरच्या बाजूला ताणायला जागा कमी. आतली त्रिज्या जाडीच्या निदान दुप्पट ठेवून सुरुवात करा. ड्रॉइंगमध्ये त्याहून तीक्ष्ण वाक असेल तर काम घेण्याआधी ग्राहकाला लेखी विचारा.

४. रोलिंगची दिशा. लांबट बेटं आठवा. वाकाची रेषा रोलिंगच्या दिशेला समांतर असेल तर ताण त्या बेटांच्या आडवा पडतो आणि तडा जायची भीती वाढते. रेषा रोलिंगच्या दिशेला आडवी ठेवणं सुरक्षित. पण त्यामुळे शीटवर तुकडे बसवताना मोकळीक कमी होते आणि स्क्रॅप वाढतं. ३१६ चं नेस्टिंग तसंच्या तसं वापरून मटेरियल काढलंत तर एखादी शीट कमी पडेल.

५. उलटा वाक. कोन जास्त झाला, आता उलटं दाबून सरळ करू, ही आपली सवय. एकदा वाकवल्यावर दोन्ही भावांमध्ये एकमेकांविरुद्ध ताण साठून राहतो. उलट दिशेने दाबलं की तो साठलेला ताण तुमच्या बाजूने जोर लावतो आणि धातू अपेक्षेपेक्षा लवकर सरकतो. याला बाउशिंगर परिणाम म्हणतात. म्हणून दुरुस्ती करताना कोन पटकन दुसऱ्या बाजूला जातो. मग पुन्हा इकडे, पुन्हा तिकडे. प्रत्येक फेरीत स्ट्रेन साठत जातो आणि तडा जवळ येतो. हळूहळू, दोन-तीन दाबांत कोनापर्यंत पोचा. पुढे जाऊन मागे येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

६. गॅस टॉर्च बाजूला ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं. शीट वाकत नाही म्हणून लाल करून वाकवायची, हे एमएसला चालून जातं. डुप्लेक्सला नाही. साधारण ३०० ते ५२५ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात फेराइट हळूहळू ठिसूळ होतो. ७०० ते १००० च्या पट्ट्यात सिग्मा नावाचा कडक, ठिसूळ घटक तयार होतो, आणि त्याला काही मिनिटंही पुरतात. सुरकुत्या तिथे अडतात, धातू सरकण्याऐवजी फुटतो, वर गंजरोधकपणाही जातो. वाईट गोष्ट ही की डोळ्यांना काहीच दिसत नाही. जॉब चकाचक दिसतो आणि ग्राहकाच्या प्लँटमध्ये फुटतो. एकदा असं झालं की उपाय म्हणजे किमान १०४० अंशांवर पूर्ण हीट ट्रीटमेंट आणि झटपट थंड करणं. तुमच्याकडे तशी भट्टी आहे का?

वेल्डिंगलाही हाच नियम. दोन पासमधलं तापमान २२०५ साठी १५० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. म्हणजे वेल्डर थांबणार, आणि थांबण्याचा वेळ तुमच्या खिशातून जाणार. लेबर तास त्याप्रमाणे वाढवा.

मग हे काम घ्यायचंच कशाला?

कारण हीच ताकद तुमच्या फायद्याचीही आहे. समजा ६ मिलिमीटर ३१६ एल ऐवजी ग्राहकाच्या डिझायनरने ५ मिलिमीटर २२०५ मंजूर केलं. एका चौरस मीटरला ३१६ एल चं वजन ४८ किलो, २२०५ चं ३९ किलो. चौरस मीटरमागे ९ किलो मटेरियल वाचलं. आणि टनेज? जाडीचा वर्ग ३६ वरून २५ झाला. त्याच डायवर कागदी हिशोबाने १.३५ गुणिले २५ भागिले ३६, म्हणजे सुमारे ०.९४. प्रेसवरचा भार जवळपास पहिल्याइतकाच!

पण दोन गोष्टी सांभाळा. एक, जाडी कमी करण्याचा निर्णय तुमचा नाही, डिझायनरचा. तुम्ही सुचवू शकता, मंजुरी लेखी हवी. दोन, ताकद वाढली तरी ताठपणा वाढलेला नाही. मॉड्युलस तोच आहे. सपाट प्लेटचा ताठपणा जाडीच्या घनावर अवलंबून असतो. ६ ची ५ केली की तो सुमारे ५८ टक्केच उरतो. प्लेट तुटणार नाही, पण जास्त झोकेल. टाकीच्या तळाला किंवा मोठ्या झाकणाला स्टिफनर लागू शकतात, आणि तो खर्चही कोणाच्या तरी डोक्यावर पडणार. तो आधी ठरवून घ्या.

कोटेशन पाठवण्याआधी ग्राहकाला विचारायचे प्रश्न

- नेमका ग्रेड कोणता? सर्टिफिकेटवर हीट नंबरसह खरी यील्ड ताकद मिळेल का?
- मटेरियल तुम्ही देणार की मी आणायचं? खराब झालं तर जबाबदारी कोणाची?
- वाकाची किमान त्रिज्या आणि कोनाची सूट किती?
- थंड वाकवलेल्या भागावर नंतर हीट ट्रीटमेंट लागेल का? काही कोडमध्ये ठरावीक टक्क्यांच्या वर स्ट्रेन गेला की ती मागतात.
- वेल्डमध्ये फेराइटचं प्रमाण किती टक्के चालेल आणि ते कोण मोजणार?
- ग्रेड तपासायला पीएमआय टेस्ट हवी का, आणि तिचा खर्च कोणाकडे?

हे प्रश्न विचारल्याने ग्राहक पळून जाईल अशी भीती नवीन उद्योजकाला वाटते. अनुभव उलटा आहे. परचेसवाल्याकडे पाच कोटेशन आलेली असतात, त्यातली चार फक्त रेट लिहून. ज्याने त्रिज्या आणि हीट नंबर विचारला, त्याला हे मटेरियल कळतं हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं. मग तुमचा रेट थोडा जास्त असला तरी बोलणं सुरू होतं.

पहिल्याच वेळी पन्नास नगांची ऑर्डर उचलू नका. दोन नगांचं सॅम्पल मागा. त्यात टनेज, उघडलेला कोन, लागलेला वेळ आणि स्क्रॅप वहीत लिहून ठेवा. पुढच्या डुप्लेक्स कोटेशनचा तुमचा रेट याच वहीतून निघेल, शेजारच्या शेडवाल्याला विचारून नाही.

या विषयाचा व्हिडिओ चॅनलवर आहेच. तुमच्याकडे डुप्लेक्सची चौकशी आली असेल तर ग्रेड, जाडी आणि प्रेसची क्षमता कमेंटमध्ये लिहा, टनेजचा हिशोब तिथेच मांडून बघू. भेटू पुढच्या लेखात.